भांडवलशाही, समाजवाद की सहकार? एक एकर उसाचा हिशेब मांडून बघूया

घटप्रभाकाठ

परवा भाचा आला होता. सेकंड पीयूला आहे, म्हणजे कर्नाटकातली बारावी, कॉमर्स घेतलंय. पुस्तकात अर्थव्यवस्थेचे प्रकार आहेत: पारंपरिक, बाजाराची, सरकारी नियोजनाची आणि मिश्र. प्रत्येकाचे फायदे-तोटे, पाच-पाच मुद्दे. विचारतो, "मामा, आपण ह्यातल्या कुठल्या?" मी म्हटलं, मिश्र. तो म्हणाला, "ते पुस्तकातच आहे की. पण मिश्र म्हणजे नेमकं कशात काय मिसळलंय?"

उत्तर सुचेना. मग दोघं बांधावर बसलो आणि समोरच्या एक एकर उसाचाच हिशेब मांडला.

जमीन आमची. पण आमची कशी झाली? आजोबा कूळ होते. १९७४ च्या जमीन सुधारणा दुरुस्तीनंतर त्यांनी कूळहक्काचा सात नंबरचा फॉर्म भरला, जमीन ट्रिब्युनलपुढं उभे राहिले आणि नाव लागलं. म्हणजे आमच्या खाजगी मालकीचा उगमच सरकारी कायद्यात. पाणी हिडकल धरणाच्या कालव्याचं, सरकारी. युरियाची गोणी सरकार सांगेल त्या भावाला मिळते, पण लिंक म्हणून जे दुसरं औषध गळ्यात मारतात ते बाजारभावानं. कर्ज पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या कृषी पतसंस्थेचं, सहकारी, आणि त्यावरचं व्याज राज्य सरकार भरतं. लावण पैऱ्यानं झाली, म्हणजे आज शेजाऱ्यांची माणसं आमच्या रानात, उद्या आमची त्यांच्या. त्यात रुपया कुठंच नाही. तोडीला मात्र पूर्ण बाजार. मुकादम म्हणेल ती उचल, टोळी म्हणेल ती खुशाली, म्हणजे वरची बक्षिसी.

ऊस कारखान्यावर गेला की दर ठरवणार दिल्ली. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेला) धरून. कारखाना सहकारी. साखर विकायची बाजारात, पण किती खपवायची याचा महिन्याचा कोटा सरकारचा आणि किलोला ३१ रुपयांच्या खाली विकायची नाही हाही नियम सरकारचाच, २०१९ पासून. मळीचं इथेनॉल तेल कंपन्या घेतात, ठरलेल्या दरानं. चिपाडावर वीज होते, ती ग्रीडला.

भाच्यानं वहीत चार खाने पाडले होते. एकाच एकरात चारही भरले.

माझा प्रश्न असा आहे मंडळी, की 'अमका देश भांडवलशाही, तमका समाजवादी' ह्या वाटणीला काही अर्थ आहे का? की प्रत्येक वस्तूला वेगळं विचारावं लागतं: मालक कोण, भाव कोण ठरवतो, आणि बुडालं तर कुणाच्या अंगावर? मला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटायला लागलाय. पुस्तकात तो नाहीच.

उद्यमबाग_लेथ

चांगला धागा. ऊसवाल्यांना निदान दिल्लीतनं दर तरी मिळतो. आम्ही कास्टिंगचं मशीनिंग करतो. पुस्तकाप्रमाणं आम्ही म्हणजे शुद्ध बाजार. प्रत्यक्षात माझं गिऱ्हाईक एकच, मोठी कंपनी. ती दर वर्षी पत्र पाठवते, 'किंमत इतके टक्के कमी करा'. मी कमी करतो. कच्च्या मालाचा भाव वाढला तर तो सहा महिन्यांनी मान्य होणार, पैसे ९० दिवसांनी.

पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या, नाहीतर त्या वर्षी तो खर्च करातनं वजा मिळणार नाही, हा आयकराचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून आला. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी चांगलाच. पण त्यावर एका गिऱ्हाईकानं काय केलं? ज्यांचं रजिस्ट्रेशन नाही अशांना काम वळवलं. आता बोला.

एक गंमत सांगतो. रोनाल्ड कोझ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये विचारलं होतं, की बाजार एवढा भारी असेल तर कंपन्या कशाला पाहिजेत? कंपनीच्या आत तर बाजार नसतो, हुकूम असतो. माझ्या शेडमध्ये सकाळी कुठल्या मशीनवर कोण बसणार याचा लिलाव होत नाही. मी सांगतो. म्हणजे कंपाउंडच्या बाहेर बाजार, आत नियोजन. रशियात सगळा देशच एक शेड करायला गेले, एवढंच.

जुना_बेळगावकर

एवढंच? अहो, एवढंच म्हणून सोडून देऊ नका. तिथं गोस्प्लान नावाचं खातं होतं, १९२१ पासून. लाखो वस्तूंचे कोटे कागदावर. तुमच्या शेडमध्ये चार मशीन, चुकलं तर संध्याकाळी कळतं. तिथं खिळ्यांचा कोटा वजनात दिला की लोक जाड खिळे करणार आणि नगात दिला की बारीक, असा विनोदच होता. कारण खिळा घेणाऱ्याला विचारायची सोयच नव्हती. भाव म्हणजे नुसता आकडा नाही, निरोप असतो. तो निरोप बंद केला की वरच्याला खालचं काही कळत नाही.

आपल्याकडं थोडं ते बघितलंय आम्ही. घर बांधायला काढलं तेव्हा सिमेंटचं परमिट लागायचं. १९८२ ला अर्धं नियंत्रण उठलं, १९८९ ला पूर्ण. त्याआधी वडील तहसीलदार कचेरीत किती फेऱ्या मारले असतील त्याची गणती नाही. लग्नाला साखर पाहिजे तर पत्रिका जोडून अर्ज. आणि घटप्रभाकाठ, तुमच्या कारखान्यालासुद्धा साखरेतला ठरलेला हिस्सा लेव्ही म्हणून स्वस्तात सरकारला द्यावा लागायचा, २०१३ पर्यंत. रेशनची ती साखर शेतकऱ्याच्या खिशातनंच जात होती की.

निपाणी_तंबाखू

भाव म्हणजे निरोप, हे ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडं तो निरोप फक्त व्यापाऱ्याच्या बाजूनं यायचा.

तंबाखूचं बघा. तिकडं म्हैसूर, पिरियापट्टणकडं व्हर्जिनिया तंबाखू. त्याला टोबॅको बोर्ड, गुंटूरला मुख्य कचेरी. शेतकऱ्याची नोंदणी, किती पिकवायचं ते ठरलेलं, आणि माल बोर्डाच्या लिलावात. आमचा निपाणीचा विडीचा तंबाखू. बोर्ड नाही, लिलाव नाही. व्यापारी वखारीत येणार, मूठभर उचलून नाकाला लावणार, 'ह्याला वास नाही' म्हणणार, झाला भाव. राज्य एकच, पीक एकच, अर्थव्यवस्था दोन. भाच्याला हे उदाहरण द्या.

१९८१ ला त्यावरनंच आंदोलन झालं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हायवे अडवला, शेतकरी बैलगाड्या घेऊन आठवडे रस्त्यावर. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. माझे चुलते त्यात होते, वाचले. त्यांच्या तोंडनं ऐकलंय, सगळ्यात आधी बैल बिथरले.

शहापुरी_माग

पण शरद जोशी तर खुल्या बाजाराचेच होते ना? सरकारनं हात काढून घ्यावा म्हणणारे. मग तंबाखूला भाव बांधून मागणं कसं बसतं?

निपाणी_तंबाखू

बसतं. त्यांचं म्हणणं असं होतं, की बाजार असेल तर पूर्ण असू दे. कांद्याचा भाव चढला की निर्यातबंदी, आणि पडला की 'बाजार आहे, आम्ही काय करणार', हे चालणार नाही. शेतकऱ्याला तोट्यात भांडवलशाही आणि नफ्यात समाजवाद. हे वाक्य माझं आहे, त्यांचं नव्हे, पण मतलब तोच.

आणि वखारीत जो होता तो बाजार नव्हताच. घेणारे मूठभर, त्यांचं आपापसात ठरलेलं. विकणारे हजारो, त्यातले निम्मे त्याच व्यापाऱ्याच्या कर्जात. आणि ज्या बायका तिथं तंबाखू चाळायच्या, विड्या वळायच्या, त्यांचं तर ह्या हिशेबात नावच नाही. दिवसभर ती धूळ छातीत.

चंदगडी_काजू

आम्ही पलीकडचे, महाराष्ट्रातले. पण बाजार बेळगाव. म्हणून बोलतो.

२०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारनं काढलं, की ऊस परराज्यात न्यायचा नाही. कारण काय, तर पाऊस कमी, ऊस कमी, आमच्या कारखान्यांना पुरायला पाहिजे. म्हणजे कर्नाटकातला कारखाना जास्त दर देत असला तरी मी माझा ऊस तिकडं घालायचा नाही. मालक मी, रान माझं. शेतकरी संघटनांनी बोंब मारल्यावर थोड्याच दिवसांत मागं घेतलं. पण ते काढताना कुणाला काही वाटलं नाही, हे लक्षात घ्या.

आणि जमिनीचं तर उलटंच. माझा मेहुणा बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये, शेतकरी खातेदार नाही. खानापूर तालुक्यात तो आज शेत घेऊ शकतो, कारण कर्नाटकानं २०२० ला ती अट काढली. पाच मैल इकडं चंदगडला घेऊ शकत नाही, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. मधे काय आहे? एक ओढा आणि एक पाटी. तुमच्या आजोबांना कूळकायद्यानं जमीन मिळाली, आता तीच जमीन कोणीही घेऊ शकतो. हा पुढं गेलेला कर्नाटक की मागं? मला खरंच ठरवता येत नाही. खानापूरकडं रिसॉर्टच्या पाट्या बघितल्या की वाटतं मागं. मेहुण्याशी बोललं की वाटतं पुढं.

मलप्रभा

पेट्रोलचंही लिहा की. कोल्हापूरच्या गाड्या सीमेवरच्या कोगनोळीच्या ह्या बाजूला येऊन टाकी फुल करून जातात. कर दोघांचा वेगळा.

आमच्या बायकांचं तर रोजचं आहे. इकडं शक्ती योजनेत बस फुकट, २०२३ च्या जूनपासून, पण ती कर्नाटकापुरती. कोल्हापूरला जायचं तर पुढं महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट. इकडं गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार, तिकडं लाडकी बहीणचे दीड. माझी बहीण गडहिंग्लजला दिली आहे. फोनवर आम्ही सरकारंच मोजतो.

हे समाजवाद म्हणायचं का?

घटप्रभाकाठ

मलप्रभाताई, माझ्या मते नाही. समाजवाद म्हणजे मूळ प्रश्न मालकीचा: कारखाना, जमीन, खाण कुणाची. इथं मालकी कुणाचीच बदलली नाही. बाजार आहे तसाच चालू, त्यातनं कर घेतला आणि वाटला. स्वीडन, डेन्मार्कला लोक समाजवादी म्हणतात ते ह्याच गैरसमजातनं. तिथले कारखाने खाजगीच आहेत, उद्योजकाला मोकळीकही भरपूर. फक्त कर दणकून घेतात आणि दवाखाना, शाळा, म्हातारपण सगळं बघतात. त्याला कल्याणकारी राज्य म्हणावं.

मलप्रभा

म्हणा काही पण. फुकट बसमुळं माझी शेजारीण आता आठवड्याला बेळगावच्या बाजारात भाजी घेऊन जाते. आधी जाऊन-येऊन तिकिटातच नफा जायचा. म्हणजे सरकारच्या पैशानं बाजार वाढला की नाही? तुमच्या खान्यात हे कुठं लिहायचं ते तुम्ही बघा.

शहापुरी_माग

हे पटलं ताई.

माझा धंदा माग. आमच्याकडं तर पारंपरिक, बाजार, सगळं एकाच घरात. आजोबा हातमागावर, वडिलांनी पॉवरलूम घातले, मी जॉबवर. सूत सावकार देतो, डिझाइन सावकार देतो, साडी सावकार नेतो, मला मजुरी. माग माझा, लाइट बिल माझं, बिघाड माझा. उत्पादनाच्या साधनाचा मालक मीच. तरी मालक कोण ते तुम्हीच सांगा. कोविडमध्ये सावकारानं सूत बंद केलं, माग माझ्या दारात धूळ खात उभे. 'बुडालं तर कुणाच्या अंगावर' हा घटप्रभाकाठ यांचा प्रश्न मला तेव्हाच कळला, फक्त शब्द नव्हते.

(शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडं. सीमेवर राहायची आमची सवय जुनीच आहे.)

गावगाडा_प्रेमी

सगळे पारंपरिक अर्थव्यवस्था विसरलात. बलुतेदारी! सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, प्रत्येकाला सुगीला धान्याचा वाटा. पैसा नाही, बेकारी नाही, स्पर्धा नाही. प्रत्येकाला काम, प्रत्येकाला पोटापुरतं. घटप्रभाकाठ यांचा पैरा हा त्याचाच उरलेला तुकडा. आपण हे मोडून काय मिळवलं?

खळ्याबाहेरचा

काय मिळवलं? आम्ही शिकलो, हे मिळवलं.

बलुतं 'मिळायचं' म्हणता, ते खळ्याच्या कडेला उभं राहून मागावं लागायचं. पाटलाचं मन असेल तर चार पायल्या, नसेल तर 'औंदा पीक नाही'. स्पर्धा नव्हती कारण काम बदलायची परवानगीच नव्हती. बापानं मेलेलं ढोर ओढलं तर लेकानं तेच ओढायचं. माझ्या आजोबांच्या कामाला दर नव्हता, त्यामुळं ते काम नाकारताही येत नव्हतं. मजुरीवर बेळगावच्या उद्यमबागला फाउंड्रीत लागले तेव्हा पहिल्यांदा आठवड्याच्या शेवटी मोजून पैसे हातात आले. आगीपुढं उभं राहायचं काम, पण सांगायचे, 'शनिवारी मी कुणापुढं वाकत नव्हतो.'

पैरा वेगळा. पैरा बरोबरीच्या दोन रानवाल्यांत होतो. बलुतं बरोबरीचं नव्हतं. हे दोन्ही 'पारंपरिक' म्हणून एका खान्यात घालणारं पुस्तक बदला.

भांडवलशाहीची आरती मी ओवाळत नाही. त्याच फाउंड्रीत आजोबांचे डोळे गेले आणि भरपाईला दमडी मिळाली नाही. पण दोन्हीतलं एक निवडायला लावलं तर ते काय निवडले असते ते मला ठाऊक आहे.

गावगाडा_प्रेमी

तुमचं खरं आहे. मी खळ्याच्या आतल्या बाजूनं लिहिलं.

उद्यमबाग_लेथ

हा धागा ह्या एका प्रतिसादासाठी वर ठेवावा.

जुना_बेळगावकर

आता सहकाराकडं या की. ती आपल्या भागाची खरी कमाई. लोकांना वाटतं सहकार म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, लोणीचा प्रवरा कारखाना, विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ, १९५०. ते मोठंच. पण १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आल्यावर देशातली पहिली पतसंस्था निघाली ती गदगजवळच्या कणगिनहाळला, १९०५ मध्ये, सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांनी काढली. १९०६ च्या फेब्रुवारीत गोकाक आणि बेळगावला आठवड्याभराच्या अंतरानं नागरी सहकारी बँका. तेव्हा हे सगळं मुंबई इलाख्यातच होतं, त्यामुळं कोण मराठी, कोण कन्नड हा प्रश्न सहकाराला नंतर चिकटला.

तत्त्व साधं. भांडवलशाहीत एक शेअर एक मत, सहकारात एक माणूस एक मत. शंभर शेअरवाला आणि एक शेअरवाला, मतपेटीपुढं सारखेच.

घटप्रभाकाठ

मतपेटीपुढं सारखे, वजनकाट्यापुढं नाही. :)

आमच्या भागातल्या एका कारखान्याची गोष्ट, नाव राहू दे. सभासद आम्ही. संचालक मंडळ ठरलेल्या दोन घराण्यांचं. निवडणुकीला जेवणं, गाड्या. गाळपाला उशीर झाला की ऊस वाळतो, वजन आमचं जातं. ऊस घेतल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आमचे एका वर्षी आठ महिन्यांनी आले. व्याज? कोणी मागितलंही नाही. मागणारा पुढच्या वर्षी तोडीच्या यादीत खाली.

आणि कारखाना बुडत मात्र नाही. तोट्यात गेला की सरकारची हमी, कर्जाची पुनर्बांधणी, नाहीतर भाड्यानं दिला. यानोश कोर्नाई म्हणून हंगेरीचा अर्थशास्त्रज्ञ होता, तिथल्या सरकारी कारखान्यांबद्दल त्यानं हेच मांडलं: ज्या कारखान्याला माहीत असतं की शेवटी कोणीतरी भरणार, तो खर्चाकडं बघत नाही. त्यानं बुडापेस्टमध्ये बघितलेलं आम्ही इथं घटप्रभेच्या काठावर बघतोय. सहकाराचा दोष सहकारात नाही. तोटा अंगावर न येण्यात आहे.

चंदगडी_काजू

म्हणजे बुडू द्यायचा? आणि तुमचा ऊस?

घटप्रभाकाठ

तोच तर फास आहे गा. बुडू दिला तर शेतकरी बुडतो, वाचवला तर संचालक वाचतात. स्पेनमधलं मोंद्रागोन १९५६ पासूनचं, कामगारांच्या मालकीच्या सहकारी कारखान्यांचा मोठा समूह. त्यांचा फागोर हा घरगुती यंत्रांचा कारखाना २०१३ ला तोट्यात गेला. समूहानं आधी पैसे घातले, मग थांबवलं, कारखाना बंद झाला. पण कामगारांना समूहातल्या दुसऱ्या सहकारी संस्थांत सामावून घ्यायची सोय होती, बऱ्याच जणांना घेतलं. तिथं संस्था मेली तरी माणसं उरली. आपल्याकडं संस्था जगवतात आणि माणसं…

मलप्रभा

दुधाचं वेगळं आहे हो. आमच्या डेअरीत सकाळी दूध, ठरलेल्या दिवशी पैसे खात्यात. फॅट मशीन सांगतं, संचालक नाही. राज्य सरकारचे लिटरला पाच रुपये वेगळे. घोटाळा करायला जागाच कमी. उसाचं बिल वर्षात एकदा, म्हणून गोम. दूध रोजचं, उद्या नाही घातलं तर त्यांनाच कळतं. ऊस तोडल्यावर परत घरी आणता येतो का?

उद्यमबाग_लेथ

ताई, तुम्ही एका परिच्छेदात जे सांगितलं ते माझ्या एमबीएच्या दोन वर्षांत कोणी सांगितलं नाही. माल किती लवकर खराब होतो आणि हिशेब किती दिवसांनी, यावर कोण कुणाला दाबणार ते ठरतं.

जुना_बेळगावकर

सौहार्द संस्थांचंही बोला. १९९७ चा कर्नाटकाचा सौहार्द कायदा, सहकारी संस्थांतली सरकारी ढवळाढवळ कमी करणारा. बेळगावात गल्लीगल्लीत सौहार्द. शिवाय मल्टिस्टेट, कारण आपले सभासद दोन राज्यांत, २००२ चा केंद्राचा कायदा. सहकारी संस्था सरकारपासून मोकळी झाली हे चांगलं, पण मग लक्ष ठेवणार कोण? ठेवीला दोन टक्के जास्त मिळतात म्हणून माझ्या एका मित्रानं निवृत्तीचे सगळे पैसे अशा एकीत ठेवले. संस्था बंद. पाच वर्षं झाली. त्याच्यावर विषय काढायचा नाही असं आम्ही ठरवलंय.

शहापुरी_माग

त्यापेक्षा भिशी बरी. बारा बायका, बारा महिने, सगळ्यांची घरं सगळ्यांना माहीत. पळून जाणार कुठं?

जर्मनीत_सध्या

मी मूळचा बेळगावच्या टिळकवाडीचा, आता लाइपझिगला. हे शहर पूर्व जर्मनीत होतं, म्हणून दोन ओळी.

१९४९ पासून १९९० पर्यंत एक भाषा, एक इतिहास, आणि मधे कुंपण. एकीकडं नियोजन, दुसरीकडं बाजार, पण तोही निव्वळ बाजार नव्हे. ते त्याला 'सामाजिक बाजार अर्थव्यवस्था' म्हणतात, विमा आणि पेन्शन धरून. पूर्वेला ट्राबांट गाडीसाठी दहा वर्षांहून जास्त वाट बघायचे. इथपर्यंत पुस्तकात आहे.

पुस्तकात नसतं ते माझी घरमालकीण सांगते. वय ७४, सूतगिरणीत होती. पाळणाघर गिरणीतच, नोकरी जाईल ही भीतीच ठाऊक नव्हती. १९९० नंतर दोन वर्षांत गिरणी बंद, मुलगा पश्चिमेला गेला तो परत आला नाही. दुकानात केळी मात्र आली. ती म्हणते, मला भिंत परत नको, पण माझ्या चाळीस वर्षांना चूक म्हणू नका.

सीमेबद्दल काही म्हणत नाही. आपली सीमा वेगळी, तिच्यावर बोलायला वेगळे धागे आहेत आणि ते कसे संपतात हे सगळ्यांना माहीत आहे.

निपाणी_तंबाखू

:) १ नोव्हेंबरला, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमावासीयांचा काळा दिन एकाच दिवशी, इथं नेट स्लो होतं.

चीनचं राहिलं. १९७८ ला शियाओगांग नावाच्या गावात १८ घरांनी चोरून करार केला. सामूहिक शेती आपसात वाटून घ्यायची, सरकारचा कोटा भरायचा, उरलेलं आपलं. पकडले गेलो तर तुरुंगात जाणाऱ्याची पोरं बाकीच्यांनी सांभाळायची, हेही कागदावर. पीक वाढलं. सरकारनं शिक्षा करायच्या ऐवजी पुढं तेच देशभर नेलं. जमीन आजही खाजगी नाही. म्हणजे मालकी बदलली नाही, फक्त 'उरलेलं कुणाचं' ते बदललं. घटप्रभाकाठ, तुमच्या प्रश्नाची ही दुसरी बाजू. बुडालं तर कुणाचं, आणि उरलं तर कुणाचं.

खळ्याबाहेरचा

आणि पोरं कोण सांभाळणार हे त्यांनी आधी लिहिलं. ते महत्त्वाचं.

चंदगडी_काजू

२०२५ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊसवाल्यांनी रस्ता धरला तेव्हा मी त्या बाजूनं गेलो होतो. मागणी टनाला ३५००, तुटलं ३३०० वर, त्यातला थोडा भार सरकारनं उचलला. एफआरपी दिल्लीची, वरचा दर रस्त्यावरचा, ५० रुपये बेंगळूरचे. ही कुठली अर्थव्यवस्था? पुस्तकात 'रास्ता रोको' नावाचा पाचवा खाना घाला.

घटप्रभाकाठ

भाच्याला सगळा धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, पेपरात हे लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत, मिश्र अर्थव्यवस्थेचे पाच मुद्देच लिहिणार. मी म्हटलं लिही. पण एक प्रश्न त्यानं विचारलाय तो इथं टाकतो: पैऱ्यात कोणी फसवलं तर काय करतात?

आमच्या गावात काही करत नाहीत. पुढच्या वर्षी त्याच्या रानात कोणी जात नाही, बस. मागच्या पिढीत एकाचं तसं झालं होतं. त्याला शेवटी ट्रॅक्टर घ्यावा लागला, कर्ज काढून. आता गावातले सगळे त्याच्याच ट्रॅक्टरनं नांगरतात, तासाचे पैसे देऊन. गडी सगळ्यात श्रीमंत झाला.

उद्यमबाग_लेथ

झालं. आता हे उदाहरण कुठल्या बाजूला धरायचं त्यावर अजून पन्नास प्रतिसाद.

मलप्रभा

ते नंतर. घटप्रभाकाठ, आजोबांच्या नावावरचा कारखान्याचा शेअर तुम्ही स्वतःच्या नावावर करून घेतलात का? आमचा अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. निवडणुकीला त्यांच्या नावानं दरवेळी कोण मत घालतंय देव जाणे.

घटप्रभाकाठ

केला. पण तीन हंगाम गेले त्यात. जमिनीचा उतारा आणि मृत्यू दाखला घेऊन आधी शेअर विभागात जा, गाळप सुरू व्हायच्या आत. एकदा बॉयलर पेटला की तिथं कोणी जागेवर सापडत नाही.